शंभर टक्के खुर्च्या

वहिनींना बसायचं होतं.

कोणाला बंगला बांधायचा असतो, कोणाला जग पाहायचं असतं. वहिनींना खुर्ची हवी होती. सकाळी बसावं आणि संध्याकाळी उठावं, अशी. गुडघ्यांनी त्यांना तसं बजावलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनीही बजावलं होतं. ते आमच्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर बसतात. "जिने अजिबात चढायचे नाहीत," असं ते वहिनींना म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "माझ्याकडे एक चाकाची खुर्ची कमी आहे. तेवढी खालून आणून द्या."

चाकाच्या खुर्च्या वहिनींच्या ताब्यात असतात. शिवाय स्ट्रेचर, सलाइनचे स्टँड, ऑक्सिजनच्या गाड्या. थोडक्यात, हॉस्पिटलात ज्याला चाकं आहेत ते सगळं. चाकं असलेली वस्तू एका जागी राहत नाही. त्यामुळे वहिनीही राहायच्या नाहीत. लिफ्ट होती. ती रुग्णांसाठी होती. आणि साहेबांसाठी.

त्यांचे यजमान याच हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून या वहिनी. भाऊ निवृत्त झाले, नातं हॉस्पिटलाने ठेवून घेतलं. त्यांच्याहून वयाने मोठे सर्जनसुद्धा "वहिनी, स्ट्रेचर" एवढंच म्हणतात आणि ते पुरतं.

माझी नोंदणीची खिडकी त्यांच्या स्टोअरला लागून आहे. दुपारी आम्ही एकत्र डबा खातो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकलीस?"

"साहित्य. एम. ए."

"बरं झालं. आमच्याकडे साहित्याचीच बोंब आहे."

वहिनींची कामाची पद्धत साधी होती. चालायचं आणि ओरडायचं. सकाळी तळघरापासून सुरुवात. "कोणी नेली रे माझी खुर्ची?" हा आवाज मजल्यामजल्याने वर जायचा. त्या पुढे गेल्यावर कुठल्यातरी दाराआडून एखादी खुर्ची हळूच बाहेर यायची. सगळं सापडायचं असं नाही. एक स्ट्रेचर कित्येक महिने मागच्या बागेत होतं आणि माळी त्यावर रोपं ठेवायचा. वहिनींनी ते रोज खिडकीतून पाहिलं. त्यांना वाटायचं, माळ्याचं टेबल आहे.

मग नवे साहेब आले. व्यवस्थापनाचं शिकून आले होते. त्यांनी आठवडाभर वहिनींचा आवाज ऐकला आणि स्कॅनर मागवले.

स्कॅनर दिसायला पिस्तुलासारखे. पहिल्याच दिवशी त्यांचं नाव बंदूक पडलं. प्रत्येक वस्तूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक स्टिकर. भिंतींनाही स्टिकर, म्हणजे जागा कळते. आधी भिंतीवर बंदूक रोखायची, मग वस्तूवर. पीप वाजलं की वस्तू त्या जागी आहे. नाही वाजलं की नाही. साहेबांनी हे इतक्या समाधानाने सांगितलं की मला क्षणभर जगातले सगळे प्रश्न सुटल्यासारखे वाटले.

दर्शनी भागात मोठी स्क्रीन लागली. पूर्वी तिथे डॉक्टरांच्या वेळांचा फलक होता. तो काढला. आता कोणता डॉक्टर कधी भेटेल ते कळत नव्हतं, पण किती टक्के खुर्च्यांची पडताळणी झाली ते लांबूनही वाचता येत होतं.

आणि साहेबांनी एक पद जाहीर केलं. मालमत्ता समन्वयक. तळमजल्यावर केबिन, टेबल, पंखा, आणि खुर्ची. हात ठेवायला दोन बाजू असलेली, पाठीला गादी असलेली. हॉस्पिटलच्या अध्यक्षबाई पाहणीला येतील तोवर ज्याची टक्केवारी सर्वांत चांगली, त्याला ती मिळणार. साहेब म्हणाले, "हे पूर्णपणे बसून करायचं काम आहे."

वहिनी त्या दिवशी जेवल्याच नाहीत. नुसत्या त्या केबिनच्या काचेतून खुर्चीकडे बघत होत्या.

त्यांनी बंदूक मनापासून शिकून घेतली. फार जवळ धरली तर वाचत नाही, एक वीत लांब धरायची. समोरून धरली की स्टिकर चमकतं, म्हणून थोडी तिरकी. काच रोज पुसायची, पदराने नव्हे, कोरड्या मऊ फडक्याने. तळघरात नेट नाही, तिथे मोजलेलं बंदुकीच्या पोटात राहतं. वर आल्यावर ते स्क्रीनकडे जाऊ द्यायचं, हिरवा दिवा लागेपर्यंत तिला स्टँडवर ठेवून बंद करायची नाही. मजल्यांवरचे वॉर्डबॉय आपापल्या वॉर्डातल्या खाटा आणि यंत्रं मोजायचे, पण बंदूक सतत बंद करायचे आणि दिवसभराचं काम गडप व्हायचं. वहिनींचं एकदाही झालं नाही.

पण स्टिकरं टिकेनात. खुर्चीचे दांडे गोल, त्यावर पट्ट्या वाकायच्या. फरशी पुसणाऱ्या बायका खुर्च्याही पुसायच्या, कडक औषधाने, आणि पट्ट्यांचा नुसता काळा डाग उरायचा. बंदूक काही बोलायची नाही. वहिनी मात्र बोलायच्या. भर वॉर्डात, समोर पेशंट बसलेला, आणि या त्याच्या पायाशी वाकून खुर्चीला म्हणतायत, "वाज गं बाई, वाज."

पेशंट घाबरून विचारायचा, "माझं काही निघालं का?"

टक्केवारी एक्काहत्तरवर अडली. साहेबांनी सगळ्यांची स्टिकरं नव्याने छापून दिली, मोठमोठ्या कागदांवर. कापायची आणि चिकटवायची. वहिनी कागद घरी घेऊन गेल्या, कारण घरी भाऊ होते, भाऊंकडे कात्री होती आणि निवृत्तीनंतर भाऊंकडे वेळ होता. बायकोने सांगितलं होतं, फक्त काप.

भाऊंनी आयुष्यभर इलेक्ट्रिकचे बोर्ड बसवले. कापलेल्या चिठ्ठ्या कडेने वळायला लागल्या, ते त्यांना बघवेना. त्यांनी घरातली प्लायवूडची एक फळी घेतली, घासली, पट्टीने रेघा मारल्या आणि सगळी स्टिकरं त्यावर चिकटवून टाकली. मजल्याप्रमाणे रांगा. प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला त्या मजल्याच्या भिंतीचं स्टिकर. दोन पट्ट्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली, म्हणजे बंदुकीचा गोंधळ नको. वरून चिकटपट्टी नाही, म्हणजे चमकायला नको. वर दोन भोकं, टांगायला.

वहिनींनी मला ते भांडण सांगितलं.

"अहो, हे खुर्च्यांना लावायचं होतं."

"मग आधी सांगायचं. आता निघणार नाही, चांगला गोंद आहे."

"काय करू मी या फळीचं? डोक्यावर घेऊन नाचू?"

"बंदूक लावून तर बघ."

त्यांनी सकाळी स्टोअरमध्ये दार लोटून बंदूक लावली. पीप. पुढचं, पीप. फळी सपाट, कागद नवा, अंतर बरोबर. पहिला मजला, पीप, पीप. दुसरा. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. पाचव्या मजल्यापर्यंत त्या बसूनच गेल्या. हिरवा दिवा लागला.

बाहेर स्क्रीनवर वहिनींच्या नावापुढे शंभर आले.

साहेब आपल्या केबिनमधून धावत आले. मी त्यांना पहिल्यांदा धावताना पाहिलं. "वहिनी, कसं केलंत?"

"एक वीत अंतर," वहिनी म्हणाल्या. "आणि तिरकी धरायची."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

त्या म्हणाल्या होत्या, एकच दिवस, गुडघ्यांची सूज जरा उतरू दे. दुसऱ्या दिवशीही सूज उतरली नाही. तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्याचा वॉर्डबॉय काही विचारायला आत आला आणि फळीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, भाऊ सध्या काय करतात?"

भाऊ सध्या फळ्या करायला लागले. प्रत्येक मजल्यासाठी एक. प्रयोगशाळेने निळी मागितली. बाळंतपणाच्या वॉर्डने गुलाबी. घरात पुन्हा करवत चालू झाली, भाऊंची भूक वाढली, चिडचिड कमी झाली. सगळं हॉस्पिटल शंभरावर गेलं. साहेबांनी स्क्रीनचा फोटो काढून घरी लावला, असं त्यांचा ड्रायव्हर सांगत होता.

हळूहळू वहिनींचा आवाज जिन्यात ऐकू येईनासा झाला. आवाज नाही म्हटल्यावर खुर्च्यांना कशाचीच भीती उरली नाही.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर खाली आल्या. "वहिनी, माझं स्ट्रेचर कुठंय?"

वहिनींनी फळीकडे पाहिलं. "तुमच्याकडेच आहे की."

"नाहीये."

"सकाळी वाजलं सिस्टर. तुमच्याच मजल्यावर."

"मी येतेच आहे तिथून."

"मग तुमच्या मागून आलं असेल. स्क्रीन बघा ना."

सिस्टर स्क्रीनजवळ गेल्या. स्ट्रेचर दुसऱ्या मजल्यावर होतं. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत वर गेल्या. मला वाटतं, त्यांनी एकदा शोधलंसुद्धा.

त्याच आठवड्यात एक मुलगा वडिलांना पाठुंगळी घेऊन दारातून आत आला. वडील सडपातळ, पण उंच. पाय खाली लोंबत होते, एका पायातला मोजा घसरला होता. "खुर्ची मिळेल का?" त्याने माझ्या खिडकीत विचारलं. स्क्रीनच्या खालीच उभा होता. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी उठल्या, लिफ्टपर्यंत गेल्या, जिन्याखाली वाकल्या, परत आल्या. "आहे," त्या म्हणाल्या. "पण आत्ता नाहीये." मुलगा तसाच तिसऱ्या मजल्यावर गेला. लिफ्टमध्ये साहेब होते.

त्या दुपारी वहिनींनी डबा उघडला आणि झाकण हातात धरून बसल्या.

"अध्यक्षबाई येऊन गेल्या ना, की मी लावते," त्या म्हणाल्या. "केबिन मिळू दे. मग एकेक खुर्ची शोधून लावते."

"बसून?" मी विचारलं.

"तू शिकलेली आहेस, पण खोचक आहेस."

अध्यक्षबाई आल्या त्या दिवशी हॉस्पिटल इतकं स्वच्छ होतं की रुग्ण बाहेरून आल्यासारखे दिसत होते. बाई वयस्कर, हातात काठी, चेहऱ्यावर काहीच नाही. साहेबांनी त्यांना आधी सगळे मजले दाखवले, कारण शेवटी स्क्रीन दाखवायची होती. जिन्याने नेलं. लिफ्टची त्या दिवशी सफाई चालू होती. वहिनी बाजूला उभ्या, इस्त्रीची साडी, हातात बंदूक. पदाचं पत्र साहेबांच्या वरच्या खिशात होतं. त्याचं टोक दिसत होतं. वहिनींची नजर तिथेच.

साहेब स्क्रीनबद्दल बरंच बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान. आता मला एक चाकाची खुर्ची मागवा हो. माझे पाय गेले."

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा मॅडम, आता गंमत बघा." त्यांनी बोटाने स्क्रीनवर शोधलं. "सर्वांत जवळची. तळमजला, लिफ्टशेजारी. तीन आहेत. पडताळणी आज सकाळी."

आम्ही सगळ्यांनी लिफ्टशेजारी पाहिलं. तिथे बादली होती.

"नीट बघा," साहेब म्हणाले.

आम्ही नीट पाहिलं. बादलीत फडकं होतं.

"पहिल्या मजल्यावर पाच आहेत," साहेब म्हणाले. वॉर्डबॉय पळाले. दुसऱ्या मजल्यावर चार होत्या, तिकडेही पळाले. फोन झाले. बाई काठीवर रेलून उभ्या. बाकावरच्या एका माणसाने त्यांना जागा देऊ केली. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून बाईंनी नको म्हटलं. वॉर्डबॉय एकेक करून परत आले. येताना चालत आले.

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीन खोटं बोलणं शक्यच नव्हतं. मग खुर्च्या खोटं बोलत होत्या. त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला बोलावलं. भरघोस मिशांमुळे त्याला सगळे सुभेदार म्हणतात. दर महिन्याला साहेबांची सही झाली की त्याची नोकरी महिनाभर पुढे जाते.

"सकाळी खुर्च्या होत्या. आता नाहीत. म्हणजे तुमच्या फाटकातून गेल्या."

"साहेब, खुर्ची काय खिशात घालून नेतात?"

"एवढ्या खुर्च्या गेल्या आणि तुम्हाला कळलं नाही. तुम्ही तिथे करता काय?"

"उभा असतो," सुभेदार म्हणाला.

"उद्यापासून नका उभे राहू."

सुभेदाराने टोपी काढली. ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. पुन्हा घातली.

"सकाळी मोजल्या कोणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"या वहिनींनी." साहेबांचा हात खिशाकडे गेला. "आमच्या सर्वांत खात्रीच्या. रोज शंभर टक्के. मी मुद्दाम तुमच्याच हातून यांना आज..."

"थांबा," बाई म्हणाल्या. मग वहिनींकडे वळल्या. "तुम्ही स्वतः पाहिल्या ना खुर्च्या?"

एक हो पुरलं असतं. पत्र अर्धं बाहेर आलं होतं. केबिनची काच तिथून दिसत होती, काचेतून खुर्ची दिसत होती. वहिनींनी तिकडे पाहिलं. मग सुभेदाराकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता.

"स्टिकरं पाहिली," वहिनी म्हणाल्या. "खुर्च्या नाही पाहिल्या."

"म्हणजे काय?"

"आणून दाखवते. थोडं थांबावं लागेल, माझे पण पाय गेलेत."

त्या स्टोअरमधून फळी घेऊन आल्या. छातीशी धरलेली, लग्नातला फोटो धरावा तशी. मग चौथ्या मजल्याचा वॉर्डबॉय मुकाट्याने वर गेला आणि आपली फळी घेऊन आला. मग निळी आली. मग गुलाबी. स्क्रीनखाली भिंतीला टेकून रांग लागली. हॉस्पिटलातल्या सगळ्या वस्तू हजर होत्या.

तेवढ्यात कोणीतरी साहेबांच्याच केबिनमधली त्यांची फिरती खुर्ची ढकलत आणली. अध्यक्षबाई तिच्यावर बसल्या. त्यांनी वहिनींकडून बंदूक मागून घेतली आणि फळीवर रोखली. पीप. आणखी एक. पीप.

"वाचते छान," बाई म्हणाल्या. "फळी कोणी केली?"

"आमच्या ह्यांनी," वहिनी म्हणाल्या. लाजल्यासुद्धा. त्या परिस्थितीत.

"इतकी व्यवस्थित वस्तू मी या इमारतीत आज दुसरी पाहिली नाही. त्यांना म्हणावं, हेच खुर्च्यांवर करून द्या."

कोणाला काढलं नाही. फळी नव्हती असा विभागच सापडेना. सगळ्यांना काढलं असतं तर हॉस्पिटलात फक्त रुग्ण आणि साहेब उरले असते. सुभेदार फाटकावर परत गेला. संध्याकाळी वहिनींसमोर उभा राहिला, एक सलाम ठोकून गेला. पत्र खिशातच राहिलं. साहेबांनी ते पद स्थगित केलं, कारण ते बसून करण्यासारखं नाही असं त्यांच्या लक्षात आलं. केबिनमध्ये आता नव्या फळ्या पकडण्यासाठी नेमलेली समिती बसते.

भाऊ मात्र कामाला लागले. त्यांनी कागद सोडले. पत्र्याच्या छोट्या पट्ट्यांवर कोड छापून घेतले आणि खुर्चीच्या पाठीमागे, सपाट जागी, रिव्हेट मारून बसवायला लागले. औषधाने पुसल्या जात नाहीत, वाकत नाहीत. अट एकच. खुर्ची हवी. ती शोधायचं काम अर्थात वहिनींचं. पाचही मजले, तळघर, गच्ची. मला साहेबांनी लिहून घ्यायला बरोबर दिलं. पुढे वहिनी, मागे हत्यारांची पिशवी घेऊन भाऊ. घरातलं भांडण आता जिन्यात चालतं.

"हळू जा की जरा. मी म्हातारा आहे."

"फळ्या करताना नव्हतात म्हातारे?"

"तू वाजवल्यास म्हणून केल्या."

"तुम्ही केल्यात म्हणून वाजवल्या."

एक खुर्ची स्वयंपाकघरात सापडली, तिच्यावर बटाट्यांचं पोतं बसलं होतं. दोन गच्चीवर, त्यांना दोरी बांधून चादरी वाळत घातलेल्या. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत एकीवर तंत्रज्ञ डुलकी घेत होते. त्यांनी वहिनींना बघून स्वतःच पाठ पुढे करून कोडसाठी जागा दिली. स्क्रीनवर एकतीस टक्के आले तेव्हा साहेबांनी तिच्यावर डॉक्टरांच्या वेळांचा फलक लावून टाकला. लोक खूश आहेत.

परवा आम्ही चौथ्या मजल्यावरच्या कापडांच्या खोलीत पोचलो. भाऊ मागे राहिले होते, जिन्यात कोणीतरी त्यांना बंद पंखा दाखवत होतं. घड्या घातलेल्या चादरींच्या ढिगामागे एक खुर्ची निघाली. तिला भाऊंनी खालच्या मजल्यावर आधीच कोड मारला होता आणि नंतर ती पुन्हा पळाली होती. वहिनींनी चादरी उतरवल्या. चाक फिरवून पाहिलं. ब्रेक लावला.

आणि बसल्या.

पाय पुढे पसरले. डोकं मागे टेकलं. मी बंदूक पुढे केली. कोड खुर्चीच्या पाठीवर होता आणि पाठ भिंतीला लागली होती. वाचायचा तर वहिनींनी उठायला हवं होतं.

बाहेरून भाऊंचा आवाज आला. "सापडली का गं?"

वहिनींनी डोळे मिटले.

"नाही अजून," त्या म्हणाल्या. "शोधतेय."